पाणथळ जमिनी कार्बन साठवतात की मिथेन सोडतात? तापमानवाढीत त्यांचा हिशेब कसा मांडावा?

मृद्गंध (प्रश्नकर्ता):

नमस्कार. कार्बन चक्रावरील एक दीर्घ लेख लिहिण्याचे काम माझ्या हाती आहे आणि त्यातील पाणथळ जमिनींच्या प्रकरणाशी येऊन ते अडले आहे. वाचनात दोन विधाने सतत येतात. पहिले असे की पीटभूमी, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेली दलदल, पृथ्वीवरील जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग व्यापते, पण तिच्यात सुमारे ६०० अब्ज टन कार्बन साठलेला आहे आणि जगातील सर्व जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून असलेल्या कार्बनपेक्षा तो अधिक भरतो. दुसरे असे की मिथेन वायूचा सर्वांत मोठा नैसर्गिक स्रोत पाणथळ जमिनी हाच आहे. दोन्ही विधाने खरी असतील, तर बेरीज-वजाबाकीनंतर हाती काय उरते, हे मला नीट मांडता येत नाही.

मी एक ढोबळ गणित करून पाहिले. उत्तरेकडील पीटभूमीत दर चौरस मीटरला वर्षाकाठी सरासरी २३ ग्रॅम कार्बन जमा होतो असे धरले, तर तो सुमारे ८४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा होतो. त्याच चौरस मीटरमधून वर्षाला ५ ग्रॅम मिथेन बाहेर पडतो असे समजू. १०० वर्षांच्या मुदतीसाठी मिथेनचा तापवण्याचा गुणांक २७ घेतला, तर हे १३५ ग्रॅम होतात. म्हणजे ८४ ग्रॅम जमा आणि १३५ ग्रॅम खर्च. या हिशेबाने पूर्णपणे निरोगी, कोणीही हात न लावलेली दलदलसुद्धा पृथ्वीला तापवते आणि तिच्यातील पाणी काढून टाकणे हे पुण्यकर्म ठरते. निष्कर्ष चुकीचा आहे हे उघड आहे, पण चूक नेमकी कुठे झाली ते मला सापडत नाही.

दुसरी शंका तापमानवाढीविषयी आहे. थंड प्रदेशात उन्हाळा लांबला आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला, तर वनस्पती अधिक जोमाने वाढतील आणि पीटही अधिक साचेल, असे का म्हणू नये?

तळगाळ:

आपला गुणाकार बरोबर आहे, चूक गुणांकाच्या वापरात आहे. मात्र तिथपर्यंत जाण्याआधी पीट मुळात का साचते हे पाहू, कारण आपल्या दुसऱ्या शंकेचे मूळही तिथेच आहे.

पीटभूमीतील वनस्पती काही फार वेगाने वाढत नाहीत. पावसाच्याच पाण्यावर जगणाऱ्या दलदलीतील स्फॅग्नम ही शेवाळी तर अतिशय संथ वाढणारी आणि जवळजवळ पोषणाविना तग धरणारी वनस्पती आहे. पीट साचते ते वाढ जास्त असते म्हणून नव्हे, तर कुजणे त्याहूनही मंद असते म्हणून. पाण्याने गच्च भरलेल्या थरात ऑक्सिजन वरच्या काही सेंटिमीटरांतच संपतो. त्याखाली राहणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजनविना काम चालवावे लागते आणि त्या मार्गाने मिळणारी ऊर्जा फार थोडी असते. शिवाय स्फॅग्नम भोवतालचे पाणी आम्लधर्मी करते आणि तिच्या पेशींतील फिनॉल गटातील रसायने कुजवणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) निष्प्रभ करतात. फिनॉलांचे विघटन करणाऱ्या विकराला स्वतः ऑक्सिजन लागतो. तो नसल्यामुळे फिनॉले साचत जातात आणि इतर सगळी विकरे जखडली जातात. ख्रिस फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या यंत्रणेला कडीची उपमा दिली होती. पाण्याची पातळी खाली गेली की ऑक्सिजन आत शिरतो आणि कडी निघते. इतके सगळे जुळून आल्यावरही थर वाढतो तो वर्षाला अर्धा ते एक मिलिमीटर, म्हणजे एक मीटर पीटमागे एक ते दोन हजार वर्षे उभी असतात.

आता गुणांकाकडे येऊ. २७ हा आकडा एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर आहे: आज एक किलो मिथेन आणि एक किलो कार्बन डायऑक्साइड एकदाच हवेत सोडले, तर पुढील १०० वर्षांत पहिला वायू दुसऱ्याच्या किती पट उष्णता अडवेल? आपली दलदल मात्र हे दोन्ही व्यवहार हजारो वर्षे सतत करत आली आहे, आणि तिथे दोन वायूंच्या स्वभावातील फरक निर्णायक ठरतो. तळाला भोक असलेला हौद डोळ्यांसमोर आणा. त्यात एकाच धारेने पाणी सोडत राहिले, तर पातळी काही काळ चढते आणि मग भोकातून जाणारे पाणी धारेइतके झाले की तिथेच थांबते. मिथेनचे असेच आहे. वातावरणात त्याचा प्रभाव साधारण १२ वर्षांच्या मापाने ओसरतो, त्यामुळे दलदलीतून दरवर्षी तेवढाच मिथेन येत राहिला, तर हवेतील त्याचा वाटा काही दशकांत स्थिर होतो आणि पुढे हजार वर्षे तेवढाच राहतो. कार्बन डायऑक्साइडच्या हौदाचे भोक मात्र फारच बारीक आहे. दलदलीने हवेतून काढून घेतलेला कार्बन दरवर्षीच्या वजाबाकीत भर घालत जातो. समुद्र आणि इतर जमीन त्यातील काही भाग हवेत परत देतात, पण मोठी तूट शिल्लक राहतेच.

म्हणून नवी दलदल सुरुवातीची काही दशके ते काही शतके, आणि मिथेन फार असेल तर त्याहूनही अधिक काळ, पृथ्वीला किंचित तापवते. पुढे केव्हातरी साठलेल्या कार्बनचे पारडे जड होते आणि त्यानंतर ते जडच राहते. आज अस्तित्वात असलेल्या बहुतेक उत्तरी पीटभूमी हिमयुग संपल्यानंतर तयार झाल्या आहेत आणि त्यांनी हा टप्पा केव्हाच ओलांडला आहे. त्यांचा आजवरचा एकूण परिणाम शीतलतेचा आहे. आपल्या गणितात ८४ आणि १३५ हे आकडे एकाच वर्षाचे आहेत. मागील ८,००० वर्षांची जमा त्यात धरलेलीच नाही.

आता ती दलदल कोरडी केली असे समजा. मिथेन जवळजवळ थांबेल, जरी निचऱ्याच्या चरांमधून तो बऱ्यापैकी निघत राहतो. हा लाभ एकदाच मिळतो, कारण हौदाची पातळी काही दशकांत उतरते आणि विषय संपतो. दुसऱ्या बाजूला हजारो वर्षांचे पीट कुजू लागते आणि ते संपेपर्यंत कुजत राहते. समशीतोष्ण प्रदेशात निचरा करून शेतीखाली आणलेल्या पीटभूमीसाठी आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या २०१३ च्या पाणथळविषयक पुरवणीत हेक्टरी वर्षाला ७.९ टन कार्बन इतका उत्सर्जन गुणांक दिलेला आहे. आपल्या उदाहरणातील मिथेन हेक्टरी ५० किलो होतो, आणि न पटणारा तो २७ चा गुणांक लावला तरी त्याचे १.३५ टन होतात.

हे कुजणे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर इंग्लंडमधील होम फेन येथे एक लोखंडी खांब उभा आहे. शेजारचे सरोवर आटवून दलदलीचा निचरा सुरू झाला तेव्हा, १८५१ मध्ये, तो पीटमध्ये असा पुरला होता की त्याचे वरचे टोक जमिनीच्या बरोबरीत यावे. आज ते टोक जमिनीपासून सुमारे ४ मीटर उंच आहे. खांब तिथेच आहे, जमीन खाली गेली. त्यातील काही भाग पाणी निघून गेल्यामुळे दबला, उरलेला हवेत गेला.

शेवाळपान:

दुसऱ्या शंकेबद्दल थोडेसे लिहितो, कारण तिचे उत्तर अंदाजाने नव्हे तर प्रयोगाने मिळालेले आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका पीटभूमीवर ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने ‘स्प्रूस’ नावाचा प्रयोग उभारला. पारदर्शक भिंतींचे आणि वरून उघडे असे मोठे कक्ष दलदलीवर बांधून त्यांतील हवा आणि खोलवरचे पीट अशा दोन्ही गोष्टी तापवल्या गेल्या. एका कक्षात काहीच वाढ नाही, पुढच्यात सव्वादोन अंश, आणि असे करत शेवटच्या कक्षात ९ अंश सेल्सिअसपर्यंत. निम्म्या कक्षांत कार्बन डायऑक्साइडही बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ५०० भाग प्रतिदशलक्ष इतका जास्त ठेवला गेला. आपण विचारलेला प्रश्न जणू जमिनीवरच मांडलेला आहे.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेले पहिल्या काही वर्षांचे निष्कर्ष स्वच्छ आहेत. तापवलेले सर्व कक्ष कार्बन गमावू लागले आणि जितकी उष्णता जास्त तितके नुकसान जास्त, जवळपास सरळ रेषेत. हा कार्बन ज्या वेगाने पूर्वी साचला होता त्याच्या ४.५ ते १८ पट वेगाने तो जात होता. जादा कार्बन डायऑक्साइडमुळे फारसा फरक पडला नाही. झुडपे जोमाने वाढली हे खरे, पण स्फॅग्नम मागे पडली, आणि पीटचा साठा शेवटी शेवाळीवर उभा असतो, झुडपांवर नव्हे. झुडपांची मुळे पाणीही अधिक ओढतात.

आपल्या तर्कात तथ्य अजिबात नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. उत्तर ध्रुवाच्या जवळच्या प्रदेशात आज थंडीमुळे वाढच खुंटलेली आहे, तिथे उष्णतेने पीट साचण्याचा वेग वाढू शकतो. २०१८ मधील एका अभ्यासात जगभरातील पीटभूमींचे आजवरचे वेग तपासून असा निष्कर्ष काढला गेला की एकूण शोषण या शतकात किंचित वाढेल आणि त्यानंतर घटू लागेल, कारण उत्तरेकडील लाभापेक्षा उष्ण कटिबंधातील तोटा मोठा ठरेल. उत्तरेकडील लाभालाही सूर्यप्रकाशाची मर्यादा आहे. उन्हाळा लांबला तरी ध्रुवाजवळचा हिवाळ्यातील अंधार लांबलेलाच राहतो.

मृद्गंध:

दोघांचेही आभार. हौदाचे उदाहरण मी लेखात वापरेन, हरकत नसावी. पण त्यातूनच एक नवी अडचण निघाली. दलदलीतील धार स्थिर असेल तर मिथेनची पातळी स्थिर राहते, हे पटले. धारच वाढू लागली तर? हवेतील मिथेन २००७ पासून पुन्हा वाढतो आहे आणि २०२० व २०२१ मध्ये तर विक्रमी वाढ झाली, असे वाचले. ही वाढ पाणथळ जमिनींतून आली आहे काय?

संथपाणी:

आपण बरोबर जागी बोट ठेवले आहे. ‘निसर्गातील मिथेन स्थिर आहे, वाढला आहे तो फक्त माणसाचा’ ही मांडणी आता पुरेशी राहिलेली नाही.

जगभरातून वर्षाला एकूण सुमारे ६० कोटी टन मिथेन वातावरणात जातो आणि त्यातील साधारण १५ ते १८ कोटी टन पाणथळ जमिनींचा असतो. आकड्याला एवढी रुंदी आहे, कारण जमिनीवरून मोजत वर गेलो तर एक उत्तर येते आणि हवेतील प्रमाणावरून उलटे मोजत खाली आलो तर दुसरे. मुख्य गोंधळ पाणथळ जमिनीचे क्षेत्र ठरवण्यात आहे. ते ऋतूगणिक बदलते, आणि झाडांच्या छत्राखाली साचलेले उथळ पाणी उपग्रहाला सहज दिसत नाही.

१९९९ ते २००६ या काळात मिथेन जवळपास स्थिरावला होता. २००७ पासून तो चढू लागला, २०२० मध्ये सुमारे १५ आणि २०२१ मध्ये सुमारे १८ भाग प्रतिअब्ज अशी वाढ झाली, आणि १९८३ पासूनच्या नोंदींत एवढी वाढ कधीच झाली नव्हती. औद्योगिक काळापूर्वी एक अब्ज भागांत ७०० ते ७५० भाग मिथेन होता, २०२१ नंतर तो १,९०० च्या पुढे आहे. हा मिथेन कुठून आला याचा एक धागा कार्बनच्या समस्थानिकांतून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंतून, मिळतो. सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या मिथेनमध्ये कार्बन-१३ चे प्रमाण कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायूशी निगडित मिथेनपेक्षा कमी असते. २००७ नंतर हवेतील मिथेनमध्ये हे प्रमाण घटत गेले आहे, म्हणजे वाढीचा मोठा भाग सूक्ष्मजीवांचा आहे. पण इथे सावध राहावे लागते. दलदल, रवंथ करणारी जनावरे, भातखाचरे आणि कचऱ्याचे डेपो या चारही ठिकाणी मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव एकाच कुळातील आहेत. समस्थानिक सूक्ष्मजीवांपर्यंत नेऊन सोडतो, पुढचा पत्ता सांगत नाही.

२०२० ते २०२२ च्या बाबतीत उष्ण कटिबंधातील पाणथळ प्रदेशांकडे बोट दाखवणारे पुरावे बरेच आहेत. पूर्व आफ्रिकेत २०१९ च्या अखेरीस असाधारण पाऊस झाला, दक्षिण सुदानमधील सड्ड हा विस्तीर्ण दलदलीचा प्रदेश फुगला आणि उपग्रहांना तिथे मिथेनची वाढ दिसली. मात्र २०२० च्या वाढीचा काही भाग मिथेन नष्ट करणारी हवेतील यंत्रणा मंदावल्यामुळेही आला. टाळेबंदीच्या काळात वाहनांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे घटली, त्यामुळे मिथेनला संपवणारा हायड्रॉक्सिल हा घटक कमी तयार झाला. हौदाच्या भाषेत सांगायचे, तर धारही वाढली आणि भोकही थोडे बुजले. प्रदूषण कमी झाल्याने मिथेन वाढावा, हा योगायोग मला अजूनही विलक्षण वाटतो.

धार का वाढते? मिथेनजनक सूक्ष्मजीवांचे काम तापमानाबरोबर इतर कुजण्यापेक्षाही वेगाने वाढते. उष्ण कटिबंधात तापमानापेक्षा पाणी किती दिवस साचून राहते हे अधिक निर्णायक असते. शिवाय मिथेन बनणे आणि तो हवेत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यातून हळूहळू विरघळत वर येणारा मिथेन वाटेतील ऑक्सिजनयुक्त थरात मिथेनभक्षी जिवाणूंच्या तावडीत सापडतो आणि त्यातील मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊनच बाहेर पडतो. बुडबुड्यांतून आलेला मिथेन मात्र निसटतो. लव्हाळे आणि तत्सम वनस्पतींच्या देठांत मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ नळ्या असतात, त्यांतूनही तो थेट वर येतो. ॲमेझॉनच्या पूरमैदानांत तर झाडांची खोडेच धुराड्यांसारखी काम करतात. २०१७ मधील मोजमापांनुसार तेथील एकूण मिथेनपैकी सुमारे निम्मा खोडांतून येतो, आणि त्याआधीच्या हिशेबांत खोडे जवळपास धरलेलीच नव्हती.

आपल्या लेखात किनाऱ्यावरील पाणथळ जमिनींना वेगळी जागा द्यावी असे सुचवतो. खारफुटीत आणि खाऱ्या दलदलीत समुद्राच्या पाण्यातून सल्फेट येते. सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेनजनकांचे अन्न आधीच संपवतात, त्यामुळे तिथे कार्बन साठतो पण मिथेन फार थोडा निघतो. तिथला धोका निराळा आहे. खारफुटी गाळ आणि मुळांच्या साहाय्याने स्वतःखालची जमीन उंचावत समुद्राबरोबर वर चढते, परंतु समुद्राची पातळी वर्षाला ६ ते ७ मिलिमीटरपेक्षा वेगाने वाढू लागली तर तिला हे जमेनासे होते, असे गेल्या १०,००० वर्षांच्या गाळाच्या नोंदी सांगतात. मागे सरकायला मोकळी जमीन असेल तर ती वाचेल, बांध आणि रस्ता आडवा आला तर बुडेल.

गोठलेल्या जमिनीविषयी फक्त एवढेच. उत्तरेकडील कायम गोठलेल्या प्रदेशाच्या मातीत १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, म्हणजे वातावरणात असलेल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. स्वीडनच्या उत्तरेला आबिस्कोजवळ स्टोर्डालेन येथील दलदलीत बर्फावर उचललेले पीटचे उंचवटे वितळून खचताना दिसतात. जिथे कोरडा उंचवटा होता तिथे पाणी साचते, लव्हाळे येतात आणि मिथेन कित्येक पटींनी वाढतो. जिथे वितळलेले पाणी वाहून जाते तिथे उलट जमीन कोरडी होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो. एकाच वितळण्याचे हे दोन परिणाम शेजारी शेजारी सापडतात.

चिकित्सक:

चर्चा उत्तम आहे, पण तिच्यातील एक धारणा तपासून घ्यावी असे वाटते. कोरडी केलेली पीटभूमी पुन्हा ओली करावी, हा उपाय आता सर्वमान्य असल्यासारखा मांडला जातो. पुन्हा पाणी सोडल्यावर पहिली काही वर्षे मिथेनचा लोंढा येतो, हे प्रत्यक्ष मोजलेले आहे. निचऱ्याच्या काळात तिथे गवत किंवा पीक होते, ते बुडून कुजते आणि मिथेनजनकांना मेजवानी मिळते. पुढील २० वर्षे निर्णायक आहेत असे हवामानाच्या चर्चांत आपण सगळेच म्हणतो, आणि २० वर्षांच्या मुदतीत मिथेनचा गुणांक ८० च्या आसपास जातो. मग अशा वेळी मुद्दाम मिथेन वाढवणे शहाणपणाचे कसे? त्यात हवामानच कोरडे होत असेल, तर चर बुजवून अडवलेले पाणी टिकेल कशावरून?

तळगाळ:

आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

मिथेनचा लोंढा खरा आहे. पण तो किती मोठा होईल हे पाणी कुठे ठेवले यावर अवलंबून असते. जमिनीवर अर्धा मीटर पाणी उभे केले तर आपण वर्णन केले तसेच होईल. पातळी पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवली, तर वरच्या पातळ थरात मिथेनभक्षी जिवाणूंना ऑक्सिजन मिळतो आणि खालचे पीट मात्र बुडालेले राहते. ख्रिस इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि इतर ठिकाणची मोजमापे एकत्र करून दाखवले की वापरातील पीटभूमीत पाण्याची पातळी दर १० सेंटिमीटर वर आणली की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतका तापवण्याचा परिणाम कमी होतो, आणि पातळी पृष्ठभागापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येईपर्यंत हे प्रमाण टिकते. त्यापुढे मिथेन आपला वाटा मागू लागतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की शेती पूर्ण बंद न करतासुद्धा, निचऱ्याची खोली निम्मी केली तरी मोठी बचत होते. बुडणारे गवत आधी कापून नेणे किंवा खतावलेला वरचा थर काढणे, हेही लोंढा आवरण्याचे मार्ग आहेत.

२० वर्षांच्या मुदतीबाबत म्हणाल, तर तापमानाचे शिखर कधी येते हे पाहावे लागते. आज ओले केले तर मिथेनचा परिणाम काही दशकांत आपल्या कमाल पातळीला जाऊन थांबेल. दुसरीकडे कोरड्या पीटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड दरवर्षी साचत राहील. २०२० मध्ये आन्के ग्युंथर आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच पर्याय संगणकीय प्रतिमानात तपासले. लगेच ओले करणे, उशिरा ओले करणे आणि काहीच न करणे यांपैकी लगेच ओले करण्यानेच कमाल तापमानाला आवर बसला, मिथेन धरूनही. उशीर करण्यात तोटा होता, कारण मिथेनचा चढ तेव्हाही येणारच होता, आणि तोवर निघून गेलेला कार्बन डायऑक्साइड परत येणार नव्हता.

मात्र माझ्या मते खरा मुद्दा आगीचा आहे आणि तो या चर्चेत अजून आलाच नाही. कोरडे पीट हे इंधन आहे. ते ज्वाळा न दाखवता जमिनीखाली धुमसते, आठवडेच्या आठवडे, कधी बर्फाखाली हिवाळा काढून वसंतात पुन्हा वर येते. इंडोनेशियात मध्य कालिमांतान प्रांतात १९९६ पासून सुमारे १० लाख हेक्टर पीटवन भातशेतीसाठी घेण्याची योजना राबवली गेली आणि तिच्यासाठी ४,००० किलोमीटरपेक्षा अधिक कालवे खोदले गेले. भात काही पिकला नाही. १९९७ मध्ये एल निनोचा दुष्काळ पडला आणि कालव्यांनी आधीच कोरडे केलेले पीट पेटले. त्या वर्षी इंडोनेशियातील पीट आणि वनांच्या आगींतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेला असा अंदाज आहे, म्हणजे तेव्हाच्या जगभरातील खनिज इंधनांच्या वार्षिक उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के. २०१५ च्या एल निनोत हेच पुन्हा घडले, आणि त्यानंतर २०१६ मध्ये तेथील सरकारने कालवे अडवून २० लाख हेक्टर जमीन सावरण्यासाठी स्वतंत्र संस्था नेमली. ओलसर, अखंड पीटवन एल निनोतही सहसा पेटत नाही. म्हणून मिथेन किती वाढेल याची तुलना फक्त संथ कुजण्याशी न करता पेटण्याच्या शक्यतेशीही करायला हवी, आणि हा भाग बहुतेक हिशेबांतून सुटलेला असतो.

हवामानच कोरडे झाले तर पाणी टिकेल काय, या आपल्या शेवटच्या प्रश्नाला माझ्यापाशी दिलासा देणारे उत्तर नाही. काँगोच्या खोऱ्यातील मध्यवर्ती पीटभूमीचा पहिला नकाशा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिच्यात सुमारे ३० अब्ज टन कार्बन असल्याचे कळले. तिथल्या पीटच्या उभ्या नमुन्यांत एक विचित्र पोकळी सापडते. सुमारे ७,५०० ते २,००० वर्षांपूर्वीच्या काळातील पीट जवळपास नाहीच, अतिशय पातळ थर आहे. त्या काळात हवामान हळूहळू कोरडे होत गेले, पाण्याची पातळी उतरली आणि आधी साचलेले पीटही कुजून गेले, असा २०२२ मधील अभ्यासाचा निष्कर्ष आहे. पुढे पाऊस वाढला आणि साठा पुन्हा सुरू झाला. तेव्हा तिथे कालवेही नव्हते आणि निचराही नव्हता. पाऊस पुरेसा घटला तर कोणीही हात न लावलेली दलदलसुद्धा उलटू शकते. चर बुजवल्याने तो उंबरठा दूर ढकलता येतो, नाहीसा करता येत नाही.

चिकित्सक:

पातळीचा मुद्दा मान्य आहे. प्रतिमानांतील मिथेनविषयी मला अजूनही शंका आहे, कारण खोडांतून निघणारा अर्धा मिथेन २०१७ पर्यंत ज्यांच्या नजरेतून सुटला होता, त्यांच्या इतर गृहीतकांत काय काय सुटले असेल हे कोणी सांगावे? पण कोरडे ठेवावे असे माझे म्हणणे नव्हते, हे स्पष्ट करतो.

मृद्गंध:

सर्वांनी दिलेल्या माहितीवरून मी लेखासाठी एक छोटा तक्ता केला आहे. निचरा केलेली शेतजमीन: हेक्टरी वर्षाला ७.९ टन. ओली दलदल: मिथेनचे हेक्टरी वर्षाला १.३५ टन. म्हणजे निचरा सुमारे सहापट महाग पडतो. खाली टीप देणार आहे की २७ चा गुणांक केवळ ढोबळ तुलनेसाठी वापरला आहे. हे ठीक होईल काय?

संथपाणी:

थांबा, त्यात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात.

७.९ टन हा आकडा कार्बनचा आहे, कार्बन डायऑक्साइडचा नव्हे. त्याला १२ ने भागून ४४ ने गुणले की सुमारे २९ टन होतात. आपल्या पहिल्या संदेशात हे रूपांतर आपण बरोबर केले होते, इथे ते राहून गेले. पण म्हणून लगेच २९ ला १.३५ ने भागून एकवीसपट असेही लिहू नका. ५ ग्रॅम मिथेन हा पावसावर जगणाऱ्या, पोषणशून्य दलदलीला शोभणारा आकडा आहे, आणि शेतीखाली आलेल्या पीटभूमी बहुधा भूजलावर पोसलेल्या, सुपीक प्रकारच्या असतात. अशा जमिनी ओल्या केल्यावर चौरस मीटरला वर्षाकाठी २० ते ३० ग्रॅम मिथेन निघणे अगदी शक्य आहे, म्हणजे हेक्टरी २०० ते ३०० किलो. २७ ने गुणल्यावर ते ५.४ ते ८.१ टन होतात. तक्त्यात २९ विरुद्ध ५.४ ते ८.१ अशी नोंद करावी आणि ‘पट’ लिहिणे टाळावे.

आणखी एक स्तंभ वाढवता आला तर पाहा. पीटमधून पाण्यात विरघळून जाणारा कार्बन या दोन्ही ओळींत नाही. दलदलीतून येणाऱ्या ओढ्यांचे पाणी चहासारखे तपकिरी दिसते ते त्याच्यामुळेच, आणि निचरा केल्यावर त्याचे प्रमाण वाढते. तो कार्बन पुढे नदीत कुठेतरी सूक्ष्मजीवांच्या वाट्याला येऊन बराचसा हवेतच जातो, फक्त तो दलदलीच्या खात्यावर न पडता नदीच्या खात्यावर पडतो.